डोळ्यांतलं तेल

एका कादंबरीच्या दुसऱ्या प्रुफात मी अकरा ठिकाणी अनुस्वार घातले. लेखिकेचा निरोप आला, ‘ताई, हे अकराही अनुस्वार आधीपासून तिथे आहेत. तुम्ही त्यांच्यावरच खूण केली आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल पुन्हा उघडली. ‘त्यांना’, ‘मुलांनी’, ‘पानांवर’. सगळी टिंबं जागच्या जागी होती. मी एकोणीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. नजरेतून चुका निसटतात, त्याचं वाईटही वाटतं. पण समोर असलेलं अक्षर न दिसणं हे पहिल्यांदाच घडलं होतं आणि मी घाबरले.

डोळ्यांची आग मात्र त्याच्या आधीपासून, आठ-नऊ महिने चालू होती. दुपारी चारच्या सुमाराला सुरुवात व्हायची. आधी नुसतं चुरचुरायचं, मग पापणीखाली बारीक वाळू अडकल्यासारखं खुपायचं, आणि सातपर्यंत डोळे मिटले तरी आतून गरम लागायचे. शिवाय पाणी यायचं. स्क्रीनसमोर बसल्या बसल्या गालावर ओघळायचं. घरातल्यांना वाटायचं मी रडते आहे.

‘जागरण होतंय’, ‘उष्णता वाढली असेल’, ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल’ हे सगळं ऐकून झालं. नंबर तपासून घेतला, तो होता तेवढाच होता. मग मी माझ्या मनाने उपचार सुरू केले. त्यातले दोन चुकीचे होते. ते सविस्तर सांगते, कारण माझ्यासारखं वागणारे पुष्कळ आहेत, असं आता दिसतं.

पहिली चूक म्हणजे लाली घालवणारे थेंब. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, घातले की दोन मिनिटांत डोळा पांढराशुभ्र दिसतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं हा माझा पेशा, पण ही अक्षरं मी वाचली नाहीत. टेट्राहायड्रोझोलिन किंवा नॅफॅझोलिन असं काहीतरी त्यात असतं. ही द्रव्यं डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात. आगीचं मूळ तसंच राहतं, फक्त लाली दिसेनाशी होते. औषधाचा अंमल उतरला की त्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, डोळा जास्त लाल होतो, आणि आपण पुन्हा बाटली उचलतो. मी सुरुवातीला दिवसातून एकदा घालत होते. पाचव्या महिन्यात चार वेळा घालायला लागले होते.

दुसरी चूक निरुपद्रवी वाटणारी होती. आग झाली की मी उठून डोळ्यांवर पाण्याचे हबके मारायचे. पाच मिनिटं बरं वाटायचं आणि मग आधीपेक्षा जास्त चुरचुरायचं. अश्रू म्हणजे काही नुसतं पाणी नव्हे. त्यात क्षार असतात, प्रथिनं असतात, जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी, 1922 साली, या लायसोझाइमचंच वर्णन केलं होतं. नळाचं पाणी मारून मी दिवसातून दहादा तो सगळा थर धुऊन टाकत होते.

अकरा अनुस्वारांच्या त्या निरोपानंतर आठवड्याभरात मी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. मी सांगितलं, ‘डोळ्यांची आग होते आणि पाणी येतं.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘पाणी येतं म्हणजेच बहुतेक डोळा कोरडा पडतोय.’ माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्यांना दिसला असावा. त्या म्हणाल्या, ‘आधी तपासू, मग समजावते.’

त्यांनी एका कागदी पट्टीने डोळ्यात नारिंगी रंग लावला. त्याला फ्लुओरेसिन म्हणतात. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो. मग म्हणाल्या, ‘एकदा पापण्या मिटा, उघडा, आणि आता मिटू नका.’ त्या यंत्रातून बघत सेकंद मोजत होत्या. हिरव्या पडद्यावर पहिला काळा ठिपका पडायला, म्हणजे अश्रूंचा थर पहिल्यांदा फाटायला किती वेळ लागतो, ते त्या पाहत होत्या. दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर अस्थिर समजतात. माझा चौथ्या सेकंदाला फाटला.

मग खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरने 1903 मध्ये सांगितलेली ही चाचणी अजून तशीच वापरतात. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. पाचपेक्षा कमी भरली तर अश्रूच कमी तयार होतात असं धरतात. माझी चौदा भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं.

शेवटी त्यांनी पापणीची कड बोटाने हलकेच दाबली आणि आरशात मला दाखवली. पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांच्या किंचित आत, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं ओळीने असतात. मला त्यांची कल्पनाच नव्हती. वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. हाइनरिख माइबोम या वैद्याने 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या ग्रंथींना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. निरोगी पापणी दाबली की या छिद्रांतून पारदर्शक तेल येतं. माझ्या काही छिद्रांतून काहीच आलं नाही, काहींतून टूथपेस्टसारखी पांढरट, घट्ट लगदी आली.

‘तुमच्या डोळ्यांत पाणी आहे,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘तेल नाही.’

माझ्या कामाबद्दल लोक नेहमी म्हणतात, डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. मीही नव्या मुलींना शिकवताना हेच शब्द वापरते. त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं की डोळ्यांत खरोखरच तेल असतं, आणि तेच माझ्याकडे अडून बसलं होतं.

(हे वाचून कुणी डोळ्यात खरंच तेल घालू नका. बाहेरून घातलेलं कुठलंही घरगुती द्रव्य निर्जंतुक नसतं. आपलं आपणच तयार केलेलं तेल मोकळं करायचं, एवढंच इथे म्हणायचं आहे.)

बुबुळावर अश्रूंचा जो पडदा असतो तो काही मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. तळाशी चिकट म्यूसिन, जे पाण्याला डोळ्याच्या पृष्ठभागावर धरून ठेवतं. त्यावर पाणी. आणि सगळ्यांत वर तेलाचा अतिशय पातळ तवंग. हा तवंग पाण्याची वाफ होऊ देत नाही. तो विरळ झाला की पाणी उडून जातं, उरलेले अश्रू जास्त खारट होतात, आणि तो खारटपणा पृष्ठभागावरच्या पेशींना त्रास देतो. तिथे दाह सुरू होतो. दाहामुळे थर आणखी अस्थिर होतो. बुबुळाचा पारदर्शक भाग हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे, तिथे मज्जातंतूंची टोकं दाटीवाटीने असतात. त्यांच्याकडून मेंदूला जे कळतं ते आपल्याला ‘आग’ म्हणून जाणवतं. आणि मेंदू काय करतो? अश्रुग्रंथीला हुकूम देतो, पाणी सोड. धो धो पाणी येतं, पण त्याला वरचं तेल नसतं, म्हणून ते टिकत नाही, गालावरून वाहून जातं. माझं ‘रडणं’ होतं ते हेच.

आणि अनुस्वाराचं काय? डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळ्यांत आधी अश्रूंच्या थरातून जातो. तो थर गुळगुळीत असेल तर अक्षर रेखीव दिसतं. तो चौथ्या सेकंदाला फाटत असेल आणि मी पापणी न लववता दहा-बारा सेकंद ओळीवर खिळून राहिले असेन, तर डोक्यावरचं टिंब अंधूक होऊन शिरोरेषेत मिसळून जाणारच. पापणी मिटली की परत दिसतं. मी हा अनुभव अनेक महिने घेत होते, पण ‘डोळे थकलेत’ म्हणून सोडून देत होते. तुमचंही वाचताना धूसर होत असेल आणि पापणी मिटल्यावर स्वच्छ होत असेल, तर नंबरआधी अश्रूंचा थर तपासून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

घरी आल्यावर मी मुलीला म्हटलं, मी काम करते तेव्हा माझ्या नकळत पापण्या मोज. ती आठवीत आहे, तिला असली कामं फार आवडतात. वही घेऊन बाजूला बसली. ‘आई, एका मिनिटात तू चारदाच पापण्या मिटवल्यास. आणि त्यातल्या दोन अर्ध्याच.’ बोलताना-चालताना माणूस मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे किंवा बारीक अक्षरांकडे पाहताना हा आकडा निम्म्याहून खाली येतो. पण त्या ‘अर्ध्या’ शब्दाने मला जास्त विचारात टाकलं. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली तरच ग्रंथींवर दाब पडतो, तेल बाहेर येतं आणि पसरतं. अर्ध्यावरून परत गेली तर बुबुळाचा खालचा भाग उघडा तो उघडाच. माझी आग नेहमी डोळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात का असायची, ते तेव्हा उमगलं.

उपचार ऐकून मी थोडी निराश झाले होते. एवढा त्रास आणि सांगितलं काय, तर गरम कापड. पण पापणीतलं घट्ट झालेलं तेल उष्णतेनेच वितळतं, त्याला दुसरा सोपा मार्ग नाही. माझी चूक अशी की पहिले दहा दिवस मी कापड गरम पाण्यात एकदा बुडवून डोळ्यांवर ठेवायचे आणि दहा मिनिटं पडून राहायचे. ओलं कापड दोन मिनिटांत कोमट होतं आणि नंतरची आठ मिनिटं वाया जातात. तापमान चाळीस अंशांच्या थोडं वर, आठ-दहा मिनिटं टिकलं पाहिजे. म्हणून एक तर दर दोन मिनिटांनी कापड पुन्हा बुडवायचं, नाहीतर गरम करून वापरायचा डोळ्यांचा मास्क मिळतो तो घ्यायचा. मी दुसरा मार्ग धरला. डोळ्यांवर ठेवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. तिथे चटका बसला तर डोळ्यांना बसणारच.

शेक झाल्या झाल्या, तेल पातळ असतानाच, मिटलेल्या पापणीवरून बोट फिरवायचं. वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. दाब अगदी हलका, आणि बुबुळावर अजिबात नाही. मग पापण्यांची कड पुसायची. माझ्या केसांच्या मुळाशी सकाळी बारीक कोंड्यासारख्या खपल्या असायच्या, त्यासाठी डॉक्टरांनी पापण्या पुसायच्या तयार पट्ट्या दिल्या. मला लहानपणापासून वरचेवर रांजणवाडी यायची. तीही पापणीतल्या ग्रंथी तुंबल्याचीच खूण, हे तेव्हा कुणी जोडून सांगितलं नव्हतं.

हे सगळं सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दोन आठवड्यांत मला काहीही फरक जाणवला नाही आणि मी जवळजवळ सोडून दिलं होतं. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वाजता लक्षात आलं की चार वाजून गेले आणि आग झालेली नाही.

लालीचे थेंब त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावले. पहिले काही दिवस डोळे भयंकर लाल होते, लोक विचारत होते, मग ओसरलं. त्याऐवजी कृत्रिम अश्रू दिले. हे वेगळं औषध, लाली घालवणारं नव्हे, नुसतं ओल आणि थर देणारं. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा हायलुरोनेट असं त्यावर लिहिलेलं असतं. त्यातही बाटलीतलं औषध टिकावं म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेलं असेल, तर वारंवार घातल्यावर तेच बुबुळाच्या पृष्ठभागाला बोचतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर परिरक्षक नसलेले, एकेका वापराच्या छोट्या नळ्यांतले घ्यावेत. एका वेळी एकच थेंब पुरतो, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. घातल्यावर पापण्या फडफडवायच्या नाहीत, मिनिटभर शांत मिटून बसायचं.

माशाच्या तेलाच्या गोळ्या मी स्वतःहून घेत होते, त्याबद्दलही विचारलं. 2018 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना वर्षभर ओमेगा-3 दिलं आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या दिल्या. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण ओमेगा-3 वाल्यांना जास्त बरं वाटलं नाही. मी गोळ्या थांबवल्या.

टेबलाची मांडणी बदलली. स्क्रीन डोळ्यांच्या समोर होती, ती खाली आणली. नजर खाली असली की पापण्यांमधली फट कमी होते आणि उघडा भागही कमी राहतो. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येत होता, तो वळवला. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने डोळ्यांच्या स्नायूंना विसावा मिळतो, पण मला त्याहून उपयोगी पडली ती माझी स्वतःची युक्ती. परिच्छेद संपला की पापण्या पूर्ण मिटायच्या, दोन आकडे मोजायचे, उघडायच्या, मग पुढचा परिच्छेद. लांबलचक परिच्छेद लिहिणारे लेखक असले की अर्धविरामाला मिटते.

एवढं वाचून सगळ्यांनी शेक घ्यायला सुरुवात करावी, असं मला म्हणायचं नाही. आग एकच असली तरी कारणं निराळी असतात. खाज हे मुख्य लक्षण असेल, चोळावंसं वाटत असेल, सोबत शिंका असतील, तर बहुधा ॲलर्जी. तिथे गार पट्टी बरी वाटते आणि चोळणं टाळायचं, कारण सतत चोळण्याचा संबंध बुबुळाचा आकार बिघडण्याशी आहे. चिपडांनी पापण्या चिकटत असतील तर डोळे आले असण्याची शक्यता. माझ्या एका सहकारी मैत्रिणीची आग सकाळी उठल्या उठल्या सर्वांत जास्त असायची. झोपेत तिच्या पापण्या किंचित उघड्या राहत होत्या. रात्री मलम घालून झोपल्यावर तिला उतार पडला. दुसऱ्या एकीला सर्दीसाठी रोज घेतलेल्या गोळ्यांमुळे कोरडेपणा आला होता. पाळी जाण्याच्या सुमारास हा त्रास वाढतो, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, तेही माझ्या खात्यात होतंच. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. स्योग्रेनच्या विकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तेव्हा, असं होतं आणि तो नुसता डोळ्यांचा विकार नाही.

आणि काही वेळा घरी थांबायचंच नाही. दुखतंय, दिसायला कमी झालंय, उजेड सहन होत नाही, लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतोय, यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यात रसायन उडालं तर आधी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, लेन्स असेल तर काढायची, मग तडक रुग्णालय. मी वर पाण्याच्या हबक्यांविरुद्ध लिहिलं, पण इथे पाणीच डोळा वाचवतं. आणि कुणाच्या तरी घरी उरलेले स्टेरॉइडचे थेंब कृपया घालू नका. आग चटकन थांबते, म्हणून माणूस घालत राहतो, आणि आतला दाब वाढत असतो. तो दुखत नाही, कळत नाही, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

परवा सहा महिन्यांची तपासणी झाली. तोच नारिंगी रंग, तोच निळा प्रकाश. डॉक्टर मोजत होत्या, मीही मनात मोजत होते. आठव्या सेकंदाला थर फाटला. ‘दहाला अजून दोन कमी,’ त्या म्हणाल्या, ‘शेक सोडू नका.’ पापणी दाबल्यावर मधल्या सात-आठ छिद्रांतून तेल आलं, कडेच्या अजून बंद आहेत. काही ग्रंथी फार दिवस तुंबल्या तर वाळून जातात आणि पुन्हा काम करत नाहीत, त्यातल्या माझ्या किती ते पुढच्या वेळी चित्र काढून बघणार आहेत.

त्याच लेखिकेचं नवं पुस्तक आलंय, पहिलं प्रूफ, तीनशे बारा पानं. काल संध्याकाळी साडेसहाला चाळिसाव्या पानावर एक ‘त्याना’ सापडला. मी पापण्या मिटल्या, दोन मोजले, उघडून पुन्हा पाहिलं. खरंच टिंब नव्हतं. खूण केली.